किंग पेंग्विनचा हिशोब वेगळा

पेंग्विनच्या पिल्लाला रोज घास मिळालाच पाहिजे, आईबापाची मासे आणायची एखादी फेरी चुकली की पिल्लू गेलंच, असं म्हटलं जातं. अंटार्क्टिकावरच्या अ‍ॅडेली पेंग्विनचा उन्हाळाच एवढासा, तिथे हे बरंचसं पटतं. किंग पेंग्विनला मात्र लागू होत नाही. आपल्याच हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला क्रोझे बेटं आहेत, तिथलं पिल्लू उन्हाळाभर कंदीलमासे चापून जवळपास आईबापाच्या वजनाला पोचतं. हे मासे मिळतात तीनचारशे किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे उन्हाळ्यातली फेरीसुद्धा काही जवळची नव्हे. हिवाळ्यात तर पालक हजारावर किलोमीटर लांब, बर्फाच्या कडेपर्यंत जातात आणि पिल्लू तपकिरी लोकरीच्या गाठोड्यासारखं घोळक्यात उभं. मधे एखाददुसरं जेवण मिळालं तर मिळालं, नाहीतर चार-पाच महिने कडकडीत उपास! वजन निम्म्यावर येतं. वसंतात पुन्हा भरवणं सुरू. एका पिल्लापायी वर्षाहून जास्त काळ जातो तो असा.

त्याहून भारी मला नराचं पोट वाटतं. अंडं उबवायची शेवटची पाळी बहुधा त्याची. मादीला यायला उशीर झाला तर पिल्लाला पहिला घास यानेच द्यायचा, म्हणून तो पोटात मासे न पचवता तीन आठवड्यांपर्यंत राखून ठेवतो, तेही ३७-३८ अंश तापमानात आणि स्वतः उपाशी राहून. ते सडत कसे नाहीत? फ्रेंच संशोधकांना त्याच्या जठरात स्फेनिसिन नावाचं जिवाणू-बुरशी मारणारं प्रथिन सापडलं, २००३ मध्ये.