ग्लासगोचं इंग्रजी कानावर कसं बसवावं?

रानवारा
ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन स्कॉटलंडला जायचं आहे: ग्लासगो, एडिनबरा, मग ॲबरडीन. दोघंही पक्के शाकाहारी. लंडनचं इंग्रजी कळतं, पण ग्लासगोकरांच्या मुलाखती लावल्या की अर्धं डोक्यावरून जातं. स्टेशन, खाणं आणि मुक्काम एवढ्यापुरती तयारी हवी. सबटायटल लावून मालिका बघण्याचा उपयोग होतो का?

स्वरभक्ती
होतो, पण सबटायटल इंग्रजीच हवीत. मराठी किंवा हिंदी लावली तर डोळे वाचत बसतात आणि कानाला सुट्टी मिळते. ग्लासगो विद्यापीठाचा ‘स्कॉट्स कॉर्पस’ नेटवर मोफत आहे, त्यात लोकांच्या खऱ्या गप्पांची ध्वनिमुद्रणं आणि त्यांचे लेखी उतारे आहेत. मिनिटभराचा तुकडा घ्या. आधी नुसतं ऐका, मग उतारा वाचा, मग तो झाकून पुन्हा ऐका.

वेगाला उगाच दोष देऊ नका. बदल मोजके आहेत आणि ठरल्या जागी होतात. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आलेला ‘ट’ गिळतात, तिथे घशात आवाज क्षणभर अडतो: वॉटरचं ‘वॉ-अर’. ‘आउ’चा ‘ऊ’ होतो: हाउस–हूस, डाउन–डून. शेवटचा ‘ल’ विरतो: ऑल–ऑ, फुटबॉल–फिटबॉ. वनचं ‘वान’, फ्रॉमचं ‘फे’, थिंकचं ‘हिंक’.

सगळ्यात महागात पडतो तो नकार. ‘नॉट’ वेगळा ऐकूच येत नाही, क्रियापदाला हलकासा ‘ने’ चिकटतो: कॅने, डिडने, इझने. ‘इट इझने रनिन द डे’ यातला ‘ने’ निसटला तर बंद असलेल्या बसची वाट बघत थांब्यावर उभे राहाल. ‘द डे’ म्हणजे आज, ‘द मॉर्न’ उद्या, ‘द नू’ आत्ता.

‘र’ मात्र आपल्यासारखा ठणठणीत म्हणतात, लंडनकरांसारखा खात नाहीत. आणि फिल्मला चक्क ‘फिलम’ म्हणतात, तिथे आपल्याला शिकण्यासारखं काहीच नाही!

फलाट_नऊ
वरचं सगळं बरोबर, पण प्रवाशाला आवाजापेक्षा ओळखीचे शब्द जास्त फसवतात. न कळलेलं माणूस पुन्हा विचारतो. कळलंय असं वाटलं की विचारत नाही.

‘हाउ?’ असं एकटंच आलं तर ते बहुधा ‘का?’ असतं. ‘व्हेअर डू यू स्टे?’ म्हणजे घर कुठे. हॉटेलचं नाव सांगितलंत तरी बिघडत नाही म्हणा. ‘मेसेजेस’ म्हणजे वाणसामान. ‘हाफ फाइव्ह’ साडेपाच, साडेचार नव्हे. ‘बॅक ऑफ फाइव्ह’ म्हणजे पाच वाजून गेल्यावर थोड्याच वेळात. गल्ल्यावर ‘इज दॅट यू?’ विचारलं तर ‘तुमचं झालं का?’ आणि ‘दॅट्स यू’ म्हटलं की काम झालं, निघा.

मुक्काम जुन्या दगडी इमारतीत असेल तर ‘क्लोज’ हा शब्द येईल: इमारतीची सामाइक वाट आणि जिना. पत्त्यात 2/1 असेल तर दुसरा मजला, घर क्रमांक 1. शून्याने सुरू झाला तर तळमजला.

तिकडे चिप्स म्हणजे वेफर नव्हे, बटाट्याचे तळलेले गरम काप. त्यांच्या दुकानात ‘सपर’ म्हणजे सोबत चिप्स, मग दुपारचे बारा का वाजले असेनात. ‘सिंगल’ म्हणजे चिप्सशिवाय. ग्लासगोत ‘सॉल्ट अँड व्हिनेगर?’ विचारतात, एडिनबरात ‘सॉल्ट अँड सॉस?’, आणि तो सॉस पातळ तपकिरी असतो, टोमॅटोचा नव्हे. आई-बाबांसाठी तळण कशात ते आधी विचारा. काही दुकानांत चिप्सही गाईच्या चरबीत तळतात.

ग्लासगोत मोठी स्टेशनं दोन, सेंट्रल आणि क्वीन स्ट्रीट, चालत साधारण दहा मिनिटांवर. एडिनबराच्या जलद गाड्या क्वीन स्ट्रीटहून सुटतात. गावांची नावं स्पेलिंगवरून वाचू नका. वेस्ट हायलँड वे ही पायवाट जिथून सुरू होते ते ‘मिल्नगाव्ही’ दिसणारं गाव बोलताना ‘मलगाय’ असतं. किर्ककाल्डी दिसतं ते ‘किर्कॉडी’.

रानवारा
हे छापूनच घेतो. पण तोंडावर काहीच कळलं नाही तर किती वेळा ‘पार्डन’ म्हणणार? आणि ॲबरडीनलाही हेच चालेल का?

डंडीकर
‘पार्डन’ म्हटल्यावर तेच वाक्य पुन्हा येतं, फक्त मोठ्या आवाजात. त्यापेक्षा कळलेला तुकडा आपण म्हणायचा आणि राहिलेलाच विचारायचा: ‘प्लॅटफॉर्म सेव्हन, येस. व्हॉट टाइम?’ पंधरा-पन्नासचा घोळ नेहमीचा. ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’ असं आकडे सुटे करून विचारा. फलाट ऐन वेळी बदलला तर गार्डच्या घोषणेवर विसंबू नका, फलक बघा. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून बुकिंगचे बदल मेसेजवर मागा. आणि कळलं नसताना आपली आडवी मान डोलवू नका. तिकडे तिचा अर्थ ‘नाही’ होतो.

ॲबरडीनकडची बोली, डोरिक, निराळं प्रकरण आहे. तिथे व्हॉट, व्हेअर, हू यांच्या सुरुवातीला ‘फ’ येतो: फिट, फार, फा. ‘फिट लाइक?’ म्हणजे कसं काय. ‘नॉट बॅड’ एवढं उत्तर पुरतं. परदेशी पाहुणा दिसला की बहुतेक जण आपणहून सावकाश बोलतात, त्यामुळे त्याची धास्ती नको. फक्त त्यांच्या हेलाची नक्कल करू नका, ती टिंगल वाटते.

एक आपल्या बाजूचं. आपला ‘व’ व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला चालतो, तिथे चालत नाही. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत, नाहीतर ‘व्हेज’चं ‘वेज’ ऐकू येऊन ‘वेजेस’, म्हणजे बटाट्याच्या जाड फोडी, समोर येतील. आई-बाबांना ‘नो मीट, नो फिश, नो एग’ एवढंच पाठ करून द्या, फिश वेगळं सांगायलाच हवं.