'समाधान' मानायचं की असायचं? आणि थोडं 'देवाक काळजी'बद्दल

मालवणहून : शब्द रोजचा आहे, तरी अडलंय. पेपरात आपण नेहमी वाचतो, 'रौप्यपदकावर समाधान मानावे लागले'. ज्याला समाधान मानावं लागतं त्याला ते झालेलं नसतं, हे उघड आहे. मग आमची आत्या म्हणते, 'माका समाधान आसा', ते कुठलं? तिने मुलासाठी ग्रामदेवतेला तीनदा कौल लावला. (घाटावरच्यांसाठी : देवाच्या अंगावर पाकळ्या लावून प्रश्न विचारतात. आमच्याकडे उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.) तिन्ही वेळा डावा. मूल झालं नाही. बिचारीने मानून घेतलं असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. परवा तसं बोलून गेलो तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

वेंगुर्ल्याहून : बरोबर केलं आत्याने. मराठीत सगळा खेळ क्रियापदाचा. समाधान मानणं म्हणजे तडजोड. समाधान करणं दुसऱ्याचं, म्हणजे शंकेचं, गिऱ्हाइकाचं, रुसलेल्या जावयाचं. समाधान वाटतं ते कशाचं तरी, पोरगं नोकरीला लागल्याचं वगैरे. आत्या मात्र नुसतं 'आसा' म्हणाली, कशाचं ते सांगितलंच नाही. 'तृप्ती'ला हे जमत नाही, तिला आधी काहीतरी मिळावं लागतं. सोलकढीचा शेवटचा घोट घेतला की माणूस तृप्त, आणि संध्याकाळी पुन्हा भुकेला.

रत्नागिरीहून : 'संतोष' विसरलात! योगसूत्रांतल्या पाच नियमांत तो आहे. पण मराठीत त्याच्यापेक्षा 'असंतोष'च जास्त चालला, आणि 'भारतीय असंतोषाचे जनक' १८५६ साली आमच्याच गावात जन्मले. असंतोष चारचौघांत पसरतो; असमाधान एकट्याचं असतं. असंतोषाचा मोर्चा निघतो, असमाधानाचा निघालेला मी तरी पाहिला नाही.

देवगडहून : व्युत्पत्ती बघा, आत्याचं म्हणणं तिथेच सुटतं. सम् + आ + धा. 'धा' म्हणजे ठेवणं. समाधी याच घरातली. वेदान्तात शम, दम अशा सहा साधनांच्या यादीत समाधान शेवटचं, आणि तिथे त्याचा अर्थ खूश होणं नाही, चित्त एका जागी नीट ठेवणं. आता तुकोबा : 'ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान'. पहिल्या चरणात 'ठेविले', दुसऱ्यात पुन्हा ठेवणंच, फक्त संस्कृत धातूत लपलेलं. देवाने मला कुठे ठेवलं ते माझ्या हातात नाही. चित्त कुठे ठेवायचं ते आहे. तुकोबांनी जाणून केलं की नाही देव जाणे, मला मात्र ते दिसल्यापासून ही ओळ हताश वाटत नाही. आणि क्रियापद बघा, 'असो द्यावे'. मानावे नाही.

वेंगुर्ल्याहून : मान्य. पण मग 'देवाक काळजी'चं काय करायचं? निम्मे लोक ते खांदे उडवून म्हणतात. कलमांना फवारणी वेळेवर केली नाही, मोहोर काळा पडला, की 'देवाक काळजी'. हे समाधान नव्हे, आळस.

देवगडहून : आळशी माणूस कुठलाही शब्द वापरील. आमच्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद. त्या दिवसांत रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) जाळी दुरुस्त करतात, होड्यांची डागडुजी होते, नारळी पुनवेला समुद्राला नारळ देतात, आणि मग म्हणतात, 'देवाक काळजी'. जाळ्यात काय यायचं ते त्याच्याकडे. प्रमाण मराठीत 'देवाला काळजी' म्हटलं तर ऐकणारा 'कसली?' असं विचारील. मालवणीत कोणी विचारत नाही.

मालवणहून : यावरून 'गाऱ्हाणं' आठवलं. घाटावर ती तक्रार, आमच्याकडे देवाला घातलेलं साकडं. शब्द एकच. तक्रार घेऊन जायचं आणि तीच प्रार्थना होते. काल आत्याची समजूत काढायला गेलो, तुमची व्युत्पत्ती सांगितली. तिने 'धा' वगैरे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'गाराणा घातलंय तेव्हाच संपला. पुढचा देवाक काळजी.' मग चपला घालून देवळात निघाली. शेजारच्या सुनेसाठी गाऱ्हाणं होतं, आणि 'व्हय महाराजा' म्हणायला माणसं कमी पडत होती.