मदत हवी आहे: आठ पाकळ्यांचा बाकदार लॅम्पशेड, पाकळी सपाट उलगडत नाही

नमस्कार मंडळी,

राइनो या त्रिमितीय रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक लॅम्पशेड काढतोय आणि एका जागी पुरता अडकलोय. शेडला आठ काचा, म्हणजेच पाकळ्या. वर अरुंद गळा, खाली घंटेसारखा पसरत जाणारा घेर. प्रत्येक काच वरून खाली बाकदार, पण आडवी अगदी सरळ. दोन काचा भिडतात तिथे धातूची पट्टी येणार. आसापासून कोपऱ्याचं अंतर वर ५० मिमी, खाली २०० मिमी.

बाजूने दिसणारी बाकरेषा एकदाच काढली, आसाभोवती फिरवून एका पाकळीच्या दोन्ही कोपऱ्यांवर ठेवली, तिसरी प्रत मधोमध आणि तिन्हींतून लॉफ्ट (रेषांना जोडणारा पृष्ठभाग). लांबून सुरेख दिसतं. पण खालची कड सरळ न येता बाहेर फुगते, आणि अनरोल केलं (सपाट उलगडलं) की उलगडलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ मूळ पाकळीशी जुळत नाही. सपाट नमुना मिळाल्याशिवाय काच कापायची कशी? रिव्हॉल्व्ह (रेषा आसाभोवती फिरवून पृष्ठभाग बनवणं) चालणार नाही, त्यात कोपरेच उरत नाहीत. कुठे बिनसतंय ते कृपया सांगा.

प्रतिसाद १

घोळ त्या मधल्या रेषेत आहे. कोपरा आसापासून २०० मिमीवर असेल, तर पाकळीचा मध्य १८४.८ वरच यायला हवा, कारण अष्टकोनाची बाजू कोपऱ्यापेक्षा आसाच्या जवळ असते. तुम्ही मध्यही २०० वर धरलात, म्हणून कड १५ मिमी बाहेर आली. त्याने पाकळीला आडवाही बाक पडला, आणि दोन्ही दिशांनी वाकलेला पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट होत नाही.

माझं मत विचाराल तर लॉफ्ट सोडूनच द्या. फक्त मधली रेषा काढा आणि ती दोन्ही बाजूंना काटकोनात, गरजेपेक्षा जास्तच, एक्स्ट्रूड करा (सरळ ओढून पृष्ठभाग बनवा). मग आसातून जाणारी दोन उभी प्रतलं घ्या, एक डावीकडे २२.५ अंशांवर, दुसरं उजवीकडे तितक्याच अंशांवर, आणि त्यांनी ट्रिम करा (बाहेरचा भाग कापा). कोपऱ्याची रेषा आपोआप तयार होते. उरलेल्या सात पाकळ्या पोलर ॲरेने (आसाभोवती समान कोनांवर प्रती).

कोपऱ्याची रेषा मधल्या रेषेसारखी नसते, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. उंची तीच, पण आडवी अंतरं १.०८२ पट. मधली रेषा वर्तुळाचा कंस असेल तर कोपऱ्यावर लंबवर्तुळाचा कंस मिळतो. तुमची मापं कोपऱ्याची आहेत, तेव्हा तुमचीच रेषा आसापासून फक्त आडव्या दिशेने ०.९२४ पट करा आणि ती मधली रेषा म्हणून वापरा.

धागाकर्ता

जमलं! खालची कड सरळ आली, क्षेत्रफळही जुळलं. मनापासून आभार. आता जाडी. काच ३ मिमीची आहे. ट्रिम केलेल्या पाकळीला जाडी दिली तर शेजारच्या दोन पाकळ्या आतल्या बाजूने एकमेकींत घुसतात.

प्रतिसाद १

क्रम उलटा करा. आधी जाडी, मग काप. ट्रिम केलेल्या पृष्ठभागाला जाडी दिली की कडा पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या राहतात, आसाकडे वळत नाहीत, म्हणून आत टक्कर होते. बाकरेषेची आतल्या बाजूला ३ मिमी अंतरावर समांतर प्रत काढून (ऑफसेट) दोन्ही टोकं बंद करा, घन एक्स्ट्रूड करा आणि मग त्या प्रतलांनी कापा. पट्टीसाठी फट हवी असेल तर प्रत्येक प्रतल त्याच्या मूळ जागेशी समांतर ठेवून फटीच्या निम्म्याने पाकळीच्या आत सरकवा.

प्रतिसाद २

एक भर. नमुना उलगडताना जाडीच्या मधोमधचा पृष्ठभाग घ्या, कारण वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. उलगडलेल्या तुकड्याच्या वरच्या-खालच्या कडा सरळ आणि समांतर हव्यात. कुठल्याही उंचीला रुंदी आसापासून मध्यापर्यंतच्या अंतराच्या ०.८२८ पट भरली पाहिजे, म्हणजे तुमच्याकडे फट सोडण्याआधी अगदी तळाशी सुमारे १५३ मिमी, गळ्याशी ३८ मिमी. काचेला हात लावण्याआधी नमुना एकास एक मापात जाड कागदावर छापा आणि आठही तुकडे चिकटपट्टीने जोडून पाहा. शेवटची फट नीट मिटत नसेल तर चूक आधी कोनात शोधा.