मदत हवी आहे: मणके बसवणाऱ्याकडं जावं का? अपॉइंटमेंट उद्याचीच आहे

उदगीरचा बाळू:
लातूरला एक कायरोप्रॅक्टिकवाला शिबिर घ्यायलाय, कट्‌कन आवाज काढून मणके बसवतो, रील्स बघितल्या असतील तुम्ही पण. दीड हजार आधीच भरलेत, वापस मिळत नाहीत. त्रास चार महिन्यांपासून हाय, गोळ्या खाऊन खाऊन कंटाळा आला. सेफ हाय का नाय एवढंच सांगा, लेक्चर नको.

मन्याडकाठचा:
कंबर का मान? वय? एमआरआय केला का? लिहिलं काहीच नाय अन् म्हणे सेफ हाय का सांगा.

परभणीकर:
बिनधास्त जा. माझी कंबर सोयाबीन काढताना धरली होती, पुण्यात एकाकडं दोन सिटिंग घेतल्या, तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवर गावाला. डॉक्टर लोक सरळ ऑपरेशनच सांगतात.

फिजिओताई:
दादा, धरलेली कंबर बऱ्याचदा काही आठवड्यांत आपली आपण सुटते, त्यामुळं गुण कुणाचा म्हणायचा? कंबरेच्या साध्या दुखण्यात थोडा आराम पडतो, ते मी नाकारत नाही. मानेचं वेगळं आहे. मान झटक्यानं फिरवली तर मणक्यांमधून मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते, तिथं गुठळी झाली की लकवा. क्वचित होतं, पण झालेलं आहे. अन् तो कट्ट आवाज मणका बसल्याचा नसतो, सांध्यातल्या पाण्यात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा. बोटं मोडतो तसंच.

परभणीकर:
तुमचं गिऱ्हाईक तुटतंय म्हणून बोलायल्यात. अमेरिकेत डिग्री असते याची.

फिजिओताई:
असते की, लायसनही लागतं. 1895 साली तिथंच पामर नावाच्या माणसानं हे सुरू केलं. शिबिरवाल्याला विचारा ना मग, तुझी डिग्री कुठली अन् किती वर्षांची.

आजीचा नातू:
आमच्याकडं उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, फुकट. माझी आत्या पायाळू, सणाला माहेरी आली की ओसरीवर लाईन लागते.

एक वाटसरू:
फोमची गादी फेका, कापसाची घ्या.

मन्याडकाठचा:
अरे पण दुखायलंय काय ते तर सांग बाळू!

उदगीरचा बाळू:
मान. अन् मला नाय, आईला. वय 61. डाव्या हाताला मुंग्या येतात, परवा चहाचा कप सुटला हातातून. मागच्या दिवाळीला स्टेंट टाकला तवापासून रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय. हे लिहायचं राहिलं.

फिजिओताई:
राहिलं?? सगळं तर यातच आहे! अजिबात नेऊ नका. कप सुटतो म्हणजे नस दबत असेल, त्यात ही गोळी, त्यात साठीनंतर हाडं ठिसूळ. आधी ऑर्थो नाहीतर न्यूरोला दाखवा, कपाचं पहिलं सांगा. रात्री ताप येतो का, वजन उतरलंय का? मणक्याचा टीबी आपल्याकडं कमी नाही. डावा हात अन् स्टेंट आहे तर हार्टच्या डॉक्टरांना आजच फोन करा. गोळी मनानं बंद करू नका.

परभणीकर:
मी कंबरेचं बोललो होतो हां. मानेचं नाय.

आजीचा नातू:
आत्याची लाथ पण कॅन्सल मग.

उदगीरचा बाळू:
त्याला फोन लावला, गोळीचं सांगितलं तर म्हणला 'चालतंय, हळू करतो'. रिपोर्ट काही मागितलाच नाय. गेले दीड हजार. हार्टवाल्यांनी आज संध्याकाळीच बोलावलंय, मानेसाठी उद्या सरकारीत नेतो. किती वाजता जावं बरं?

मन्याडकाठचा:
सकाळी आठलाच रांगेत थांब. जुनी कागदं, गोळ्यांची पाकिटं सगळी घे, या वेळेस काही राहू देऊ नको.