दीड वर्षाच्या मुलीला पोहायला शिकवावं का?

लेकीची_आई: लेक दीड वर्षाची आहे, नुकती पळायला लागली आहे. मागच्या दारापासून वीसेक पावलांवर तळं आहे. नवरा म्हणतो, आत्तापासूनच पोहायला शिकवू, म्हणजे काळजी मिटेल. सासूबाई म्हणतात, घरात चार माणसं असताना काय होणार? मला मात्र झोप लागत नाही. इतक्या लहान वयात शिकवून उपयोग होतो का?

नदीकाठ: शिकवा की! आम्ही पाण्यातच वाढलो. शिवाय पोर बुडायला लागलं तर ओरडतंच, कोणीतरी धावतं.

आरोग्यसेविका: नाही हो दादा, ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की श्वासच घेता येत नाही, आवाज कुठून निघणार? एक-दोन मिनिटांत, अगदी गुपचूप होतं सगळं. लहान मुलांसाठी काम करते, म्हणून हे कळकळीनं सांगते.

ताई, तुमची भीती रास्त आहे. २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. दक्षिण आशियात ही लहानगी बहुतेकदा घराजवळच्या डबक्यात, तळ्यात बुडतात, आणि तीही भर दिवसा. बांगलादेशात सकाळी नऊ ते दुपारी एक ही वेळ सर्वांत धोक्याची आढळली. आई चुलीपाशी, बाकीचे शेतात, बाळ मोठ्या बहिणीच्या भरवशावर. आणि ती बहीण तरी किती मोठी, सहा-सात वर्षांची! घरात चार माणसं असली तरी 'आत्ता या घटकेला तिच्यावर नजर कोणाची' हे ठरलेलं नसेल, तर नजर कोणाचीच नसते.

म्हणूनच तिथे याच वेळेत चालणारी 'आंचल' बालसंगोपन केंद्रं काढली. पोहण्याचे धडे मात्र सहा वर्षांपुढच्या मुलांना दिले. त्या वयात मुलं एकटी नदीवर, कालव्यावर जायला लागतात, तिथे पोहणं खरंच जीव वाचवतं. दीड वर्षाच्या बाळाला पोहण्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

तेव्हा आधी मागच्या दाराला तिचा हात पोहोचणार नाही अशी वरची कडी लावा. तळ्याला चढता न येणारं कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक करा. भरलेली बादली, टब रिकामे करून पालथे घाला. घोट्याइतकं पाणीही बुडायला पुरतं. आणि स्वयंपाकाच्या वेळेत ती कोणाकडे, हे रोज नाव घेऊन सांगा.

लेकीची_आई: कडी आजच लावते. सासूबाई म्हणतात, बुडालेल्या मुलाला उलटं धरून गरगर फिरवलं की पाणी निघतं. खरं का?

आरोग्यसेविका: अजिबात करू नका. हा प्रकार बांगलादेशातही चालतो, आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. पोट दाबणंही नको, उलटी छातीत जाते. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचे आणि छाती दाबायला सुरुवात करायची. दुसऱ्या कोणीतरी रुग्णवाहिका बोलवायची. हे वाचून जमत नाही, घरातल्या दोघांनी तरी प्रत्यक्ष शिकून घ्या, सासूबाईंनाही सोबत न्या. आणि मूल शुद्धीवर येऊन रडायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण त्रास नंतर काही तासांनी वाढू शकतो.