सीड फंडिंग मिळालं तर पैसे नेमके कशावर घालायचे? परदेशातल्या युनिव्हर्सिटीसोबत पहिलंच प्रपोजल

गाळ_आणि_पाणी

मंडळी, जरा सल्ला हवाय. मी असिस्टंट प्रोफेसर आहे, तलावांमधल्या फॉस्फरसवर काम करते. मागच्या वर्षी एका ऑनलाइन कॉन्फरन्समध्ये माझं भाषण झाल्यावर परदेशातल्या एका प्राध्यापकबाईंनी प्रश्न विचारला, मग मेलामेली सुरू झाली, आणि आता आठ महिने झाले आम्ही दर पंधरा दिवसांनी कॉलवर बोलतो. त्यांचे तलाव थंड हवेतले, हिवाळ्यात गोठणारे, माझे उथळ आणि वर्षभर कोमट. प्रश्न मात्र एकच, की तळाशी ऑक्सिजन संपला की गाळात लोखंडाला धरून बसलेला फॉस्फरस सुटून परत पाण्यात येतो, तो किती आणि कधी.

आता दोन्ही युनिव्हर्सिटींनी मिळून एक जॉइंट सीड फंड (नवं एकत्र काम सुरू करायला थोडे पैसे) काढलाय. 12 महिन्यांचा, रक्कम छोटी, प्रपोजल दोन पानांचं आणि सोबत बजेट. डेडलाइनला पाच आठवडे आहेत. माझा प्लॅन असा होता की निम्म्या पैशात पाण्यात सोडायचा एक चांगला मल्टिपॅरामीटर प्रोब, म्हणजे एकाच वेळी पाण्यातल्या अनेक गोष्टी मोजणारं उपकरण, घ्यायचा (आमचा जुना झालाय, कॅलिब्रेशन धरतच नाही), थोडे पैसे प्रोजेक्ट असिस्टंटला, आणि उरलेल्यात मी एकदा आठवडाभर तिकडे जाऊन येईन. बाई म्हणतात, बजेट तूच कर, मला काहीही चालेल.

आमचे हेड म्हणतात आधी एमओयू (दोन्ही युनिव्हर्सिटींचा सामंजस्य करार) करा मग बाकीचं बघू. शिवाय फॉर्मवर एक रकाना आहे, "पुढील निधीची योजना", त्यात काय लिहितात लोक? आत्ता पहिलेच पैसे मिळाले नाहीत तर पुढचे कुठून सांगू? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

जुना_परीक्षक

ताई, मी अशा एका कमिटीवर काही वर्षं होतो, त्यामुळे स्पष्टच लिहितो, राग मानू नका. प्रोब काढून टाका. प्रोब वाईट म्हणून नाही, पण बजेटमध्ये निम्मी रक्कम उपकरणाला दिसली की कमिटीतला पहिला माणूस म्हणतो, "यांना प्रोब हवाय, पार्टनर निमित्ताला जोडलाय." मग पुढची दोन पानं कोणी नीट वाचत नाही. उपकरणासाठी दुसऱ्या ग्रँट असतात.

सीडचे पैसे संशोधन पुरं करायला नसतातच मुळी, तुम्हा दोघींचं एकत्र काम होतं का हे बघायला असतात. जगात जे यातले नावाजलेले प्रोग्रॅम आहेत ते बघा म्हणजे लक्षात येईल. अमेरिकेतल्या एमआयटीचे मिस्टी ग्लोबल सीड फंड्स घ्या, त्यात भर प्रवास, राहणं, जेवणखाण यावर, म्हणजे माणसं इकडून तिकडे जावीत आणि तिकडची इकडे यावीत यावर, आणि विद्यार्थ्यांना सोबत न्या असा आग्रह. युरोपातलं कॉस्ट, म्हणजे संशोधकांची नेटवर्क उभी करणारा प्रोग्रॅम, 1971 पासून चालू आहे, ते तर प्रत्यक्ष संशोधनाला पैसे देतच नाही, मीटिंगा, ट्रेनिंग स्कूल आणि एकमेकांच्या लॅबमध्ये थोडे दिवस जाऊन काम करणं एवढ्यालाच देतं, आणि ते चार वर्षं. पैसा थोडा असेल तर तो माणसं एका टेबलाशी बसवण्यावर घाला, हे त्यामागचं साधं गणित.

आता तो रकाना, ज्यात बहुतेक जण "पुढे मोठ्या आंतरराष्ट्रीय ग्रँटसाठी अर्ज करू" असं एक वाक्य ठोकून मोकळे होतात. खरं तर मी तिथूनच वाचायला सुरुवात करायचो. पुढे कुठे अर्ज करणार हे ठरलं की या 12 महिन्यांत काय करायचं ते आपोआप ठरतं. उदाहरण देतो. होरायझन युरोप (युरोपियन युनियनचा संशोधन निधी, 2021 ते 2027) च्या नेहमीच्या कोलॅबोरेटिव्ह प्रोजेक्टला युनियनमधल्या किंवा त्या प्रोग्रॅमशी जोडलेल्या निदान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन संस्था लागतात, म्हणजे तुम्ही दोघी पुरेशा नाही, तेव्हा तिकडचे आणखी पार्टनर शोधणं हेच सीडच्या वर्षातलं एक काम झालं. उलट ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम, जो 1989 पासून स्ट्रासबर्गहून चालतो, त्यांना प्राथमिक डेटा लागत नाही, पण जोडी नवी आणि कल्पना धाडसी हवी, तिथे तुम्ही वर्षभर जमवलेले आकडे दाखवून कोणी फारसं खूश होणार नाही (तसाही तो जीवशास्त्राकडे झुकलेला आहे, तुमचा विषय कितपत बसेल बघा). आणि दोन देशांनी मिळून काढलेले द्विपक्षीय फंड असतात, भारत-फ्रान्सचं सेफिप्रा 1987 पासून आहे तसे, त्यांना दोन्ही बाजूंचं काम समान दिसायला लागतं, तर तिथे जायचं असेल तर दोन्ही तलावांवरचा एक तरी सोबतचा ग्राफ हवाच.

म्हणून त्या रकान्यात एकाच फंडाचं नाव लिहा, त्याची साधारण डेडलाइन लिहा आणि तोवर हातात काय असेल ते लिहा. तीन ओळी बास.

फायलीतला_माणूस

मी रिसर्च ऑफिसात काम करतो, म्हणजे तुमच्या फायली जिथे अडकतात तिथे. 🙂 हेडसाहेबांना सांगा की एमओयू आणि प्रोजेक्ट अ‍ॅग्रीमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एमओयू म्हणजे "आपण मित्र आहोत", फोटो, हस्तांदोलन, दोन झेंडे. त्यात पैसा नसतो, सँपल नसतात, डेटा कोणाचा हे नसतं. आणि तो दोन्हीकडच्या लीगल सेलमधून फिरून येईपर्यंत तुमची डेडलाइन गेलेली असते. मी एक एमओयू बघितलाय जो फक्त "कोणत्या देशाच्या कोर्टात वाद चालेल" या एका ओळीवर सात महिने लटकला होता, ज्यात भांडायला एक पैसाही नव्हता! सीडला बहुतेक वेळा दोन्ही विभागप्रमुखांचं सहीचं पत्र चालतं. कॉलमध्ये (म्हणजे अर्ज मागवणाऱ्या सूचनेत) नेमकं काय मागितलंय ते वाचा, तेवढंच द्या.

दुसरं, 12 महिने हे 12 महिने नसतात. तुमचं आर्थिक वर्ष आणि त्यांचं आर्थिक वर्ष वेगळं असू शकतं, मंजुरीचं पत्र आल्यावर त्या पैशांचं वेगळं खातं उघडायला वेळ जातो, मग व्हिसा, मग त्यांची उन्हाळी सुट्टी आणि तुमच्या परीक्षा. मी तर लोकांना सांगतो की हातात सात महिने आहेत असं धरूनच प्लॅन करा. पैसे प्रत्येकीने आपापल्या युनिव्हर्सिटीकडून घेऊन आपापल्याकडेच खर्च करायचे अशी सोय असेल तर तीच पकडा, एकीकडून दुसरीकडे पाठवायला गेलात की बँकेचे चार्जेस, विनिमय दर, ओव्हरहेड (युनिव्हर्सिटीचा स्वतःच्या खर्चासाठीचा वाटा) कोणी किती कापायचा, आणि शेवटी खर्चाचा हिशोब कोणाच्या फॉरमॅटमध्ये, यातच छोटी रक्कम आणखी छोटी होते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाळ सीमेपलीकडे पाठवणार आहात का? पाठवणार असाल तर आजच चौकशी सुरू करा, पैसे मिळाल्यावर नाही. मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट (सँपल कोणी, कशासाठी वापरायचं याचा करार) लागतं, बऱ्याच देशांत माती-गाळ आत आणायला वेगळा परवाना लागतो, आणि गाळातल्या सूक्ष्मजीवांवर काही करणार असाल तर नागोया प्रोटोकॉल (दुसऱ्या देशातली जैविक सामग्री वापरण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, 2010 ला झाला, 2014 पासून लागू) आणि त्याखालचे दोन्ही देशांचे नियम बघावे लागतात. आमच्याकडच्या एकांची गोठवलेली सँपल्स कस्टममध्ये एका कागदासाठी अडकली. ड्राय आइस उणे 78 ला असतो पण तो उडून जातो, कागदाची वाट बघत बसत नाही. पेटी पोचली तेव्हा आत कोमट पाण्याच्या ट्यूब होत्या आणि लेबलं सुटून तळाला जमलेली. वर्षाचं काम होतं ते.

उडता_पीएचडी

मी या सगळ्यातला "जो प्रत्यक्ष जातो तो" आहे म्हणून लिहितोय. माझ्या गाइडच्या सीड ग्रँटवर मी सहा आठवडे पार्टनर लॅबमध्ये होतो, आमचं काम नदीच्या पाण्यातल्या विरघळलेल्या कार्बनवर. ताई, तुम्ही आठवडाभर जाण्यापेक्षा तुमच्या विद्यार्थ्याला दीड महिना पाठवा आणि त्यांच्याकडच्याला इकडे बोलवा. प्रोफेसर जातात तेव्हा लेक्चर होतं, डिनर होतं, लॅब दाखवतात, सगळं छान छान. विद्यार्थी सकाळी आठला बाटल्या धुतो तेव्हा खरं काय ते कळतं.

मला काय कळलं सांगतो. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत पाणी गाळत होतो तर फिल्टर पेपर ओळखीचा वाटेना. डबा उलटा करून बघितला तर ग्लास फायबर, छिद्रं 0.7 मायक्रॉनची. आम्ही घरी 0.45 चा मेम्ब्रेन वापरत होतो. दोघेही आपापल्या पेपरात "विरघळलेला" असंच लिहीत होतो आणि दोघेही आपल्या जागी बरोबर, कारण विरघळलेलं म्हणजे काय तर जे फिल्टरमधून गेलं ते! पण आमचे आकडे एका ग्राफवर टाकले तर त्यातला थोडा फरक नद्यांचा आणि थोडा फिल्टरचा, आणि कुठला किती हे सांगता येईना. दीड वर्षं कॉल चालू होते, एकानेही विचारलं नव्हतं. कोण विचारणार, इतकी साधी गोष्ट आहे की ती विचारायची असते हेच सुचत नाही.

आणि हो, एक्सेलमधल्या तारखा. 03/04 म्हणजे त्यांच्याकडे मार्च आणि आमच्याकडे एप्रिल. एक आख्खा पूर आमच्या फाइलमध्ये महिनाभर आधी येऊन गेला होता. 😅 पहिल्याच दिवशी ठरवून टाका, वर्ष-महिना-दिवस, बास.

तुम्हीही फॉस्फरस मोजताय म्हणजे पाणी गाळतच असाल. बाईंना फिल्टर विचारा.

एकदा_पोळलेली

सगळे छान छान लिहितायत म्हणून मी जरा कडू लिहिते. आमचा सीड मंजूर झाला होता, मी तिकडे जाऊन आले, दोन वेळा सँपलिंग करून दिलं, आणि पेपर आला तेव्हा माझं नाव आभारात होतं. लेखकांत नाही. भांडायला गेले तर म्हणाले तू तर फक्त सँपलिंग केलंस. आणि कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण सुरुवातीला हे बोलणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं मला वाटलं होतं.

याला नावही आहे, हेलिकॉप्टर रिसर्च. वरून उतरायचं, माती भरायची, उडून जायचं. संशोधनाच्या सचोटीवरच्या जागतिक परिषदेतून 2013 ला निघालेलं मॉंट्रियल स्टेटमेंट म्हणून एक छोटा कागद आहे, तो खास असल्या देशाबाहेरच्या, संस्थेबाहेरच्या कामासाठीच लिहिलाय, डेटा कोणाचा, लेखक कोण, वाद झाला तर काय, हे आधी बोलून घ्या असं त्यात सरळ सांगितलंय. तो बाईंना पाठवा आणि म्हणा की आपण यातलं काय काय ठरवू या. कागद तिसऱ्याचा असला की वाईटपणा तुमच्याकडे येत नाही. ही युक्ती मला फार उशिरा सुचली.

आणि "बजेट तूच कर, मला काहीही चालेल" हे मला तरी खटकलं. कदाचित चांगुलपणा असेल. पण ज्याला काहीही चालतं त्याचा त्यात जीव किती आहे ते बघा एकदा.

जुना_परीक्षक

@एकदा_पोळलेली यांच्याशी शेवटचं सोडून बाकी सहमत. "काहीही चालेल" म्हणणारे बरेचदा नुसते कामात बुडालेले असतात, त्यावरून माणूस जोखू नका. पण परीक्षा घ्यायची तर सोपी आहे, त्यांना प्रपोजलचा एक परिच्छेद लिहायला सांगा आणि तारीख द्या. आला तर आला. नाही आला तर पाच आठवड्यांत तुम्हाला जे कळलं ते सीडचे पैसे न घालवता कळलं.

गाळ_आणि_पाणी

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. उशिरा उत्तर देतेय कारण मधे कॉल होता. तर ऐका.

मी पहिल्यांदा फिल्टरच विचारला. मी 0.45 वापरते. बाई म्हणाल्या थांब, उठून गेल्या, डबा घेऊन आल्या आणि कॅमेऱ्यासमोर धरला. 0.7. आम्ही दोघी काही सेकंद गप्पच, मग हसत सुटलो. आठ महिने आम्ही एकमेकींच्या आकड्यांवर चर्चा करतोय, दोन वेळा तर "तुझ्याकडे इतका जास्त कसा" यावर तासभर गेलाय!

मग तिथेच प्रपोजल बदललं. प्रोब गेला. आता माझी पीएचडीची मुलगी पाच आठवडे तिकडे आणि त्यांचा पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक) पाच आठवडे इकडे, दोन्ही तलावांचं पाणी त्या त्या ठिकाणीच दोन्ही फिल्टरांतून गाळायचं, म्हणजे गाळ कुठेच पाठवायचा नाही, तो कस्टमचा विषयच नको. आधीचे आकडे एकमेकांशी जुळवता येतात का ते त्यातून कळेल, आणि पुढच्या अर्जासाठी तो सोबतचा ग्राफ. मॉंट्रियलचा कागद पाठवला, त्यांना आवडला, म्हणाल्या लेखकांचं आत्ताच लिहून ठेवू. एक परिच्छेद शुक्रवारपर्यंत मागितलाय, त्या गुरुवारी देते म्हणाल्या.

@फायलीतला_माणूस, एकच शंका. विभागप्रमुखांच्या पत्रावर आमच्या हेडची सही आणि त्यांच्या हेडची सही एकाच कागदावर लागते का वेगवेगळी दोन पत्रं चालतात?

फायलीतला_माणूस

कॉलमध्ये "संयुक्त पत्र" असा शब्द नसेल तर दोन वेगळी पत्रं बिनधास्त जोडा, एका कागदावर दोन हेड आणायला गेलात तर तो पण एमओयूच होतो. दोन्ही पत्रांत प्रोजेक्टचं नाव मात्र अक्षर न् अक्षर सारखं ठेवा, आमच्याकडे त्यावरून एक अर्ज परत आलाय.

उडता_पीएचडी

0.7!!! मी सांगितलं होतं 😂 मुलीला सांगा जाताना आपले फिल्टर इथूनच घेऊन जायला, तिकडे मागवले तर तिचे पाच आठवडे डिलिव्हरीची वाट बघण्यात जातील.