मदत हवी आहे: बर्मी नावं मराठीत कशी लिहावीत?

म्यानमारच्या सो थेन यांच्यावर छोटा लेख लिहितोय. २००८ मध्ये नर्गिस वादळाने इरावतीचा त्रिभुज प्रदेश धुऊन नेला, तेव्हा हे नौदलप्रमुख. २०११ च्या राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्या सरकारात उद्योगमंत्री, पुढच्या वर्षी थेट राष्ट्राध्यक्ष कार्यालयाचे मंत्री, आणि २०१५ ला काया राज्यातून चक्क अपक्ष निवडून आले!

अडलंय नावापाशी. बर्मी लोकांना आडनाव नसतं. ‘थेन’ म्हणजे लाख, सो थेन आणि थेन सेन दोघांच्याही नावात आहे, म्हणून माझ्या बायकोने वाचून पहिलाच प्रश्न केला, “हे भाऊभाऊ का?” दर वेळी पूर्ण नाव लिहावं का? आणि वर्दी उतरल्यावर नावापुढे लागणारा ‘ऊ’ (आपल्या ‘श्री’सारखा) ठेवायचा, की संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस राहिलेल्या ऊ थांट यांच्यासारखा तो नावाचाच भाग समजला जाईल? भाषांतर करणाऱ्यांनी कृपया सांगा.